थॉर्नकोमच्या सोनेरी टेबलाची व्यवस्था

मी, अँब्रोझ फेनविक, वय चोवीस, पक्का पत्ता नाही, सध्या मुक्काम थॉर्नकोम हाउस, श्रॉपशर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहितो. कुणाचा दबाव नाही असं लिहायची रीत आहे. दबाव आहे. चुलतभाऊ रुपर्टचा आहे, पण तो मी ओळखून आहे.

कलम १. आजीने घर, जमीन, घोडे रुपर्टला दिले. मला दिवाणखान्यातलं जुनं सोनेरी मुलाम्याचं टेबल. पायांना सिंहाचे पंजे, कडेने देवदूतांची मुंडकी. एकाचं नाक रुपर्टने मोडलं, छड्या मी खाल्ल्या.

कलम २. उद्या मी ब्यूनोस आयरेसला निघतो. तिकीट रुपर्टने काढलं. ज्याने कधी छत्री दिली नाही, त्याने तिकीट? वर म्हणतो, "अरे, जहाजं बुडतातच. टेबलाचं चार ओळींत लिहून टाक, म्हणजे मोकळा झालास." कशातून, ते सांगत नाही. परवा चहाला आलेला त्याचा मित्र केक सोडून टेबलाखाली शिरला. बटण पडलं म्हणे. कोटाची सगळी बटणं जागच्या जागी होती. टेबल दिसतं त्याहून बरंच महाग असावं.

कलम ३. माझा बँजो ज्याला सापडेल त्याचा. तो मार्सेयला एका न्हाव्याकडून... असो.

कलम ४. टेबल मी रुपर्टला देतो. हे देणं कायद्याने बाद ठरल्यास टेबल घरची जुनी मोलकरीण हेस्टर क्वेल हिचं. आजीच्या आजारपणात उशाशी बसली ती हेस्टरबाईच. रुपर्ट तिला या हिवाळ्यात कामावरून काढणार आहे. टेबल विकून तिने स्वतःचं घर घ्यावं. विचारलं तर म्हणाली, "धाकटे मालक, थट्टा पुरे! ते पुसून कंबर गेली माझी." तिच्यावरही माझा पुरता विश्वास नाही, पण ती टेबलाखाली वाकते ती झाडायलाच.

कलम ५. लडलो गावच्या एका वकिलाकडे मी महिनाभर नकला उतरवायला होतो. कंटाळून पळालो, पण एक कायदा डोक्यात राहिला: मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्यातलं काहीच मिळत नाही. पाद्रीबुवा तयार होते, दुसरा साक्षीदार शोधत होतो, तर रुपर्टच म्हणाला, "गावभर कशाला बोंबलत फिरतोस? मी आहे ना!"

"मजकूर वाचायचा नाही हं. मी सही करताना फक्त बघायचं."

"नको दाखवूस, भामट्या. टेबल माझंच ना?"

"तुझ्याच नावाने लिहितोय."

यात खोटं काही नाही. सह्यांच्या वेळी वरचा मजकूर टिपकागदाने झाकला जाईल.

थॉर्नकोम हाउस, ९ ऑक्टोबर १९२७
(सही) अँब्रोझ फेनविक

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली:

१. टिमथी गोल, पाद्री
२. रुपर्ट फेनविक, थॉर्नकोम हाउसचा मालक