भुऱ्यासाठी चीक

मम्मी,

तुमची पूजा चालू होती, म्हणून न सांगता निघाले. परीक्षेची ड्यूटी आहे. नारायणगावहून परतायला संध्याकाळ होईल. पारसही पुण्याला गेले आहेत.

भुऱ्याने सकाळीही अन्नाला तोंड लावलं नाही. जुलाब थांबले, पण भूक काही परतलेली नाही. दाराशी तो ओल्या पोत्यासारखा पडून असतो, कुणी आलं तरी भुंकत नाही. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, चीक म्हणजे औषध नव्हे. चमचाभर चाटवून बघा, अंगी लागला तर लागला."

व्यायलेल्या जनावराचं पहिलं दूध त्याच्या वासराचं, ते या घरात यायचं नाही, असं तुम्ही परवा म्हणालात आणि त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीत. वाद घालण्याचं त्राण माझ्यातही उरलेलं नाही. एवढंच सांगते, की अवसरीच्या ज्या म्हशीचा हा चीक आहे, तिचं रेडकू जन्मताच गेलं. मालकीण म्हणाली, "न्या ताई, प्यायला कोन न्हाई ऱ्हायलं. म्हस लई ओरडती."

चीक आपल्या फ्रीजमध्ये ठेवलेला नाही. शेजारी तहरीमकडे आहे. दुपारी ती स्वतःची वाटी-चमचा घेऊन येईल. पण आजारी पडल्यापासून भुऱ्या तिच्या हातचं घेत नाही, माझ्याही नाही. तुम्ही जवळ बसलात तरच तो मान उचलतो.

तुमचा नियम मोडा, असं मी म्हणणार नाही. तहरीम चाटवत असेल तेवढा वेळ त्याच्या डोक्यावर नुसता हात ठेवाल का?

नीलम