तिवरांतली भरती आणि सासूबाईंची माकडं

पेटे, झांझिबार

परमपूज्य पांडूमामांस,
जावई वुआईचा पायांना हात लावून सलाम. मामींचे गुडघे बरे आहेत ना? तिकडे तुमच्या पेंबा बेटावर यंदा लवंग बरी आली असं ऐकतो, अल्लाची कृपा.

इकडे आम्ही जिवंत आहोत, तेही माकडांच्या कृपेनं. झालं असं, की तुमच्या भगिनी, म्हणजे आमच्या सासूबाई बी म्काशी, यांना चिंबोऱ्या खायची हुक्की आली. मी त्यांना तिवरांच्या रानात नेलं आणि वाट चुकलो. (मी चुकलो नव्हतो, वाट हलली होती. पण असो.) भरती चढू लागली. मी म्हणे उजवीकडे, पाणी म्हणे कमरेला. एवढ्यात डोक्यावर आपली तांबड्या पाठीची, पांढऱ्या झिपऱ्यांची माकडं दिसली, तिवराचा पाला ओरबाडताना. हाताला अंगठा नाही, पोट मात्र रांजणाएवढं.

"यांना पोहता येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "रात्रीला ही कोरड्या रानातच जाणार. चल यांच्यामागं."

"माकडांच्या मागं?"

"तुझ्यामागं येऊन बघितलंच की!"

गेलो. पण मामा, पाला पचवणं सोपं नाही. चार फांद्या पुढं गेली की ही मंडळी तंगड्या सोडून बसायची, ढेकर द्यायची, डुलक्या काढायची. तेवढा वेळ आम्ही पाण्यात उभे. छातीला पाणी लागलं तेव्हा मी रडलो, खोटं कशाला सांगू! सासूबाईंनी माझं मनगट धरलं ते सोडलं नाही. शेवटी कळप हलला, आम्ही मागोमाग, आणि निघालो कुठं? थेट आमच्या परसातल्या बदामाखाली! तिथं तुमची भाची, म्हणजे आमची बायको म्वानाइदी, केरसुणी घेऊन त्यांच्या स्वागताला उभी. (बदामाचा पाला बाधू नये म्हणून ही माकडं रोज आमच्या चुलीतला कोळसा चोरून खातात.) मी तिच्या हातातली केरसुणी काढून घेतली आणि कोळशाची टोपलीच अंगणात पालथी केली. आता त्यांनी खुशाल खावा.

आपला ऋणी,
वुआई

ता. क. खरं काम हे: "जावयापेक्षा माकडाला अक्कल जास्त" असं सासूबाई गावभर सांगत सुटल्यात. त्यांना महिनाभर पेंबाला बोलावून घ्या.

ता. क. २ : त्यांना पत्राचा वास लागला. गाठोडं बांधून ठेवलंय, आणि आता माझ्यासाठी चिंबोऱ्यांचं कालवण रांधतायत. मामा, पाया पडतो, तुमच्याकडे छप्पर गळतंय, इतक्यात येऊ नका, असं त्यांना कळवा.