उठून बसलेला उंदीर

प्रिय मामा,

समोर येऊन बोलायचं ठरवलं होतं, पण तुझ्या कॉटभोवती आई, मामी आणि तुझा तो मोठ्या आवाजाचा ड्रायव्हर दोस्त. एवढ्या लोकांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, तुला माहितीये. म्हणून बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. नर्सताई तुला आणून देतील.

सकाळी तुझे ओठ निळे पडले होते. मामीने गदागदा हलवलं, तू हूं की चूं केलं नाहीस. इथे इंजेक्शन दिलं आणि तू लगेच उठून बसलास, वर चहा मागितलास. आई रडता रडता हसली. मला नाही हसू आलं. का ते सांगते.

शाळा सोडून मी औषधांच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायला लागले तेव्हापासून तू मला उंदीरवाली म्हणतोस. पण काम काय ते कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. पिंजरे धुते, भुसा बदलते. नव्या औषधाची तपासणी असली की उंदरांचा श्वास बघत बसते. आमच्या मॅडम म्हणतात, तू गप्प असतेस म्हणून उंदीर बिचकत नाहीत. गप्प बसण्याचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. सध्या तपासतात ते औषध अफूच्या जातीचं, पण शेतातलं नाही, माणसाने बनवलेलं. चोरून विकतात त्या गोळ्यांत ते सापडतं, म्हणून ते किती घातक आहे हे मॅडम शोधतायत. तुझी पाठ दुखते म्हणून कुणीतरी पुडीत बांधून दिलेल्या गोळ्यांत तसलंच काहीतरी असणार, असं डॉक्टर आईला म्हणाले.

औषध दिलं की उंदीर आडवा होतो, श्वास मंद होत जातो. मग उतारा टोचतात, तुला सकाळी टोचला तसाच. उंदीर उठतो, मिशा पुसतो, दाणे खायला लागतो. मी नवीन होते तेव्हा वाटलं, झालं, सुटला. त्याला पिंजऱ्यात सोडायला उचलला तर मॅडमनी माझा हात धरला. उठून बसलेला उंदीर आमच्याकडे लगेच पिंजऱ्यात परत पाठवत नाहीत. वेगळ्या खोक्यात, डोळ्यांसमोर ठेवतात. कारण उताऱ्याचा जोर लवकर संपतो आणि औषध अंगात असतंच. लिव्हर त्याचे तुकडे करतं खरं, पण त्यातला एखादा तुकडाही मूळ औषधासारखाच झोपवतो. दुपारी दाणे खाणारा उंदीर संध्याकाळी पुन्हा आडवा पडलेला मी पाहिलाय. तडफडत नाही, ओरडत नाही. गाढ झोपलाय असंच वाटतं. त्यात उंदराचं लिव्हर आपल्यापेक्षा भराभर काम उरकतं म्हणे. माणसाच्या अंगात ते किती वेळ राहील, हे मॅडमनाही नीट सांगता येत नाही.

आत्ता पडद्याआडून तुझा आवाज आला: मी ठणठणीत आहे, कागद आणा, सही करतो, घरी जाऊन मस्त ताणून देतो. डॉक्टर नको म्हणाले तर त्यांनाच भित्रे म्हणालास. मामी बिचारी पिशवी भरायला लागलीये. मामा, घरी जाऊन झोपू नकोस. डॉक्टर सोडतील तेव्हाच निघ, तोवर नर्सताईंच्या डोळ्यांसमोर राहा. मीही इथेच बसतेय. आणि कॉटखाली बूट शोधू नकोस. ते माझ्या मांडीवर आहेत, आणि तू कितीही आरडाओरडा केलास तरी मी आज ते देणार नाही.

तुझीच,
बाहेर बाकावर बसलेली भाची