चादरीचं पाणी

२ मे १९८८
आज विहिरीत बादली बुडलीच नाही. आई काठावर बसून दोर ओढत होती, वर नुसता गाळ येत होता. म्हणाली, "काहून वं प्रेमिला, तुमच्या हॉटेलातलं धुणं एखाद रोज बंद नाही राहत का?" मी डबा उचलला आणि निघाले.

काय सांगणार? हॉटेलच्या कुंपणाला लागूनच आमची वस्ती. आत साडेतीनशे फुटांची बोअर, बाहेर आमची चाळीस फुटांची विहीर. आणि मी तिथेच धुलाईची सुपरवायझर. रोज दोनशे चादरी पाण्यात. कित्येक तर चुरगळलेल्याही नसतात.

३ मे
मॅनेजर ताराचंदजींना विचारलं — पाहुणा दोन-तीन दिवस राहणार असेल तर चादर रोज कशाला बदलायची? हसले. "बाई, लोक इथे घरच्यासारखं राहायला येत नाहीत."

५ मे
दुसऱ्या मजल्यावरच्या वीस खोल्यांत माझ्या हाताने चिठ्ठ्या लिहून ठेवल्या. 'इथे उन्हाळ्यात पाणी कमी असते. चादर आज बदलायची नसल्यास ही चिठ्ठी उशीवर ठेवावी.' कुणालाही विचारलं नाही. 

६ मे
वीसपैकी चौदा उशांवर चिठ्ठ्या! दोनदा मोजल्या.

११ मे
आता तिन्ही मजल्यांवर चिठ्ठ्या आहेत. धुलाईच्या बायका गप्प राहून साथ देताहेत. पंपवाला शालिकराम दारात येऊन म्हणाला, "मॅडम, मोटर दोन तास कमी चालून राहिली. काय केलं तुम्ही?" सांगितलं. बिडी पेटवून निघून गेला. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात.

घरी आले तर आईने अर्धी भरलेली बादली दाखवली. मलाच आधी प्यायला दिलं.

१४ मे
एका चिठ्ठीच्या मागे पाहुण्याने लिहिलंय — कुणी म्हातारे गृहस्थ होते, हवामान खात्यातून निवृत्त. 'चाळीस वर्षे तापमान नोंदवले. धुरामुळे पृथ्वी तापत चालली आहे, असे आता शास्त्रज्ञ म्हणतात. माझा त्यावर विश्वास आहे. काही करता येईल यावर मात्र नव्हता. आज थोडा बसला.'

चिठ्ठी घरी आणली. एवढी मोठी पृथ्वी आणि माझ्या दोनशे चादरी. हसू आलं, मग रडू आलं.

१७ मे
ताराचंदजींनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. वाटलं, गेली नोकरी. तर म्हणतात, "पाहुणे खूश आहेत. मालकही खूश. आता छापूनच घेऊ."

मला मात्र आनंद होईना. मालक एवढ्याशा बचतीने इतके खूश का, ते कळत नाही.

२० मे
कळलं. मागच्या बाजूला पाण्याअभावी अर्धवट राहिलेला पोहण्याचा तलाव आता बांधून तयार आहे, फरशी लावून झाली. सोमवारपासून भरायचा. बोअरच्या पाण्याने!

थेट केबिनमध्ये गेले. "साहेब, ते पाणी विहिरीसाठी वाचवलं होतं."

"विहिरीचं कोण बोललं होतं? पाणी वाचलं, म्हणून तर तलाव परवडतोय. तुमचेच आभार मानायला हवेत."

माझेच आभार.

२२ मे
आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "मंग तू काय करून राहिली?" — एवढंच. मालकांना पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं.

२३ मे
पत्र देऊन आले. ताराचंदजींनी पाकीट न उघडता बाजूला ठेवलं. "तुमचं काम चादरींचं आहे." सकाळपासून तलावात पाणी सोडलंय. संध्याकाळपर्यंत गुडघाभर. विहिरीत पुन्हा गाळ.

२४ मे
शालिकरामने आज टाकी भरली आणि पंप बंद केला. ताराचंदजींनी विचारलं, मोटर बिघडली का? तो म्हणाला, "मोटर चांगली आहे साहेब. मीच चालवून नाही राहिलो. टाकीपुरतं पाणी देतो, तलावाले नाही." मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले, मागून धुलाईच्या आठही बाया हातातलं धुणं टाकून आल्या. चार वाजता मालकांचा निरोप आला — तलाव भरायचं राहू द्या.