कव्हरवरचं नाव

६ फेब्रुवारी, लातूर
पुण्याहून शेवटची बॅग आली. बँडचं नाव इथं लिहायचं नाही असं ठरवलंय. ज्यांना माहीत आहे त्यांच्या काळ्या टी-शर्टवर ते आहेच. इतकी वर्षं त्यांच्यासाठी घसा फोडला आणि पोस्टरवर मी कोण, तर ‘बॅल’. बालाजी म्हटलं की मेटल बँड वाटत नाही म्हणे, किराणा दुकान वाटतं. आता अल्बम माझा. पहिला, एकट्याचा. कव्हरवर मोठ्या देवनागरीत एकच शब्द: बालाजी. अल्बमचं नावही तेच. करा काय करायचं ते.

अण्णांचं म्हणणं, पुण्याचं नाटक पुरे झालं, खालच्या पोरांना फिजिक्स शिकव. आमच्या तिन्ही मजल्यांवर नीट परीक्षेची पोरं भाड्यानं राहतात. अण्णांना जगात दुसरं काही दिसत नाही.

१० फेब्रुवारी
रेकॉर्डिंगला जागा मिळाली! बारावीपर्यंत माझ्या बाकावर बसणारा सोहेल आता एका क्लासची व्हिडिओ लेक्चरं रेकॉर्ड करतो. खोलीला फोम, बाहेर चूं जात नाही. रविवारी पोरांची टेस्ट, खोली मोकळी. डोळे मिटून किंचाळलो, उघडले तर समोर फळ्यावर बहिर्वक्र भिंग. हसू आवरेना. टेक मात्र झकास.

१७ फेब्रुवारी
पहिल्या गाण्याची सुरुवात सापडली. ड्रम नाही, काही नाही. गिटारच्या तारा पार खाली उतरवून नुसता एक सूर, जमिनीतून आल्यासारखा. कानाला कमी, पोटाला जास्त. मग एकदम मी. सोहेलचं मत, हे हेडफोनवर कळणार नाही. त्याच्या अब्बांचा मंडप-साऊंडचा धंदा आहे, त्यांचे बेसचे मोठे स्पीकर आणू म्हणतो. पुढच्या रविवारी, आमच्याच पार्किंगमध्ये.

आईला विचारलं. म्हणाली, वाजव की धाकल्या. मला धाकल्याच म्हणते. एकुलता एक, आणि धाकटा!

तीन मजल्यांची मालकीण, पण झोपते गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. भूकंपात गाव गेलं तेव्हापासून स्लॅबखाली पाठ टेकलेली नाही. फळीवर पेल्यांवर पेले रचून ठेवते, हललं तर वाजावं म्हणून. माझ्या जन्माआधीची गोष्ट. घरात कुणी बोलत नाही, मीही विचारत नाही.

२४ फेब्रुवारी
काय लिहू.

सोहेलनं बेस लावले. सूर सुरू झाला. खांब गुणगुणला, वर पेले वाजले. आनंदानं काटा आला अंगावर. हेच हवं होतं.

मग पोरं जिन्यानं पळत खाली. शेजारच्या होस्टेलचीही. समोरचे म्हातारे कापडवाले दुकान उघडं टाकून रस्त्याच्या मधोमध उभे. कुणी ओरडत नव्हतं. तेव्हा कळलं, आपण काय करून बसलो. सोहेलनं वायरच उपटली.

शेवटी आई. अनवाणी, पदर खाली. मी तिचे दंड धरले. ती माझ्या खांद्यावरून घराकडं बघत होती.

"बालाजी आत हाय. काढा की कुणीतरी. आतच ऱ्हायला."

म्हटलं, आई, हा काय मी, इथं.

तिनं माझ्याकडं बघितलं. नीट, ओळखून बघितलं.

"तू न्हाई रे धाकल्या."

नंतर पाणी प्यायली, वर गेली, वरणाला फोडणी दिली, मला वाढलं. मी जेवलो.

२५ फेब्रुवारी
अण्णांना विचारलं, बालाजी कोण? म्हणाले, नळाला पाणी आलंय, मोटार लावतो. टाकी भरून वाहायला लागली तरी मोटार चालूच. ते तिथंच उभे. पाणी रस्त्यावर.

२७ फेब्रुवारी, नांदेड
पहिल्या एसटीनं आत्याकडं. अण्णांची थोरली बहीण, तिला खोटं बोलता येत नाही. आधी चहा, पोहे, माझे केस किती वाढलेत. मग सांगितलं. भाऊ होता. नुकता बोलायला लागलेला. गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. पहाटे आई बाहेर गेली होती, तेवढ्यात. दगडामातीचं घर.

मग मी झालो. सगळ्यांचं एकच म्हणणं, परत आला.

"परत आलेल्याला दुसरं नाव कसं ठिवायचं, सांग बरं?"

आई काय म्हणाली होती? आत्या म्हणाली, तिला कुणी इचारलंच न्हाई.

परतीच्या बसची वाट बघत स्टँडवर आठवत बसलोय. शाळेत, बँकेत, पुण्यात सगळीकडं या नावाला ओ दिली. आईनं या नावानं कधी हाक मारली? एकदाही नाही. तेवीस वर्षांत एकदाही नाही. हे मला कसं कळलं नाही?

१ मार्च, लातूर
सोहेलचा फोन. अल्बम रविवारी नेटवर चढवायचा, कव्हर पक्कं कर. सगळं सांगितलं त्याला. मग म्हणाला, "मग ‘बॅल’ टाकू का?" उगाच त्याच्यावर भडकलो.

ज्या नावासाठी भांडून बँड सोडला ते माझं नव्हतंच. कुणाला सांगणार हे? राग तरी कुणावर काढू? दोन वर्षांच्या पोरावर?

३ मार्च
दुपारी आई खाली आली. स्वतःच म्हणाली, लाव तुझं गाणं. बेस नेलेत, छोटा स्पीकर होता. ती फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसली, आत नाही. सुरुवातीचा सूर मी वगळला. एकदम माझा आवाज. लाज वाटली मला, आईसमोर असं किंचाळताना. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. हात मांडीवर.

मग म्हणाली, "आमी लई कान देऊन बसलो होतो दगडाला. असं वरडला असता तर सापडला असता."

मी स्पीकरची वायर काढून गुंडाळली.

उठताना विचारलं तिनं, "पुस्तकावर नाव कुणाचं टाकलास?" कव्हरला ती पुस्तकच म्हणते.

म्हटलं, अजून टाकलं नाही.

"बरं," म्हणाली, आणि खुर्ची उचलून आत घेतली.

सोहेलचे फोन येतायत. कव्हर समोर उघडं आहे, सगळं काळं, मधे मोकळी जागा. फोन उचललेला नाही.