मज्जेला जाग येईपर्यंत

डोंबिवली पूर्व
१८ सप्टेंबर २०२५

चि. कल्पितास,
अ. उ. आ.

फोन केला की तुझ्या सासूबाई शेजारी असतात आणि तू नुसती हं हं करतेस, म्हणून तुझ्या माधवीवहिनीच्या डब्यातून हे पत्र. भाकरीखाली ठेवलंय. तेल लागलं तर तिला बोल, मला नको.

टेंभी नाक्याच्या दहीहंडीत तुझी दक्षता सगळ्यात वरच्या थरावर चढणार, म्हणून मलेरियाच्या गोळ्या अर्ध्यातच बंद केल्या. चक्कर यायला नको ना! टाळ्या आपण सगळ्यांनीच वाजवल्या. मग ताप उलटला. आता जंतू रक्तात दिसत नाहीत, तरी दोनदा चढवलेलं रक्त कुठल्या कुठे आटलं.

डॉक्टरीणबाईंना मी भेटलो. त्या म्हणाल्या, रक्त हाडातल्या मज्जेत तयार होतं आणि मलेरियाने तिलाच गुंगी आणली असेल. किंवा रक्ताचा कर्करोगही असू शकतो. उपाय वेगळे, त्यामुळे मज्जा तपासायलाच हवी. अगं, आमच्या सप्तधातूंत रक्त दुसरं आणि मज्जा सहावी. बाई म्हणतात, मज्जाच रक्ताची आई. जन्मभर वर्गात घोकून घेतलेला क्रम मी उभ्या उभ्या मागे घेतला. सुईला नको म्हणणाऱ्या तुझ्या सासूबाईंना, आवडाबाईंनाही थोडी माघार जमेल.

सुई कमरेच्या हाडात जाते, मणक्यात नाही. पोर अधू होत नाही. दक्षता पंधरा वर्षांची, तेव्हा सही आईबापाची. पंढरीराव त्यांच्या आईला विचारत बसले असतील, तर तू कुणालाच विचारू नकोस.

लोभ आहे तसाच ठेव, रागासकट.
तुझा, सहदेवदादा

ठाणे, रुग्णालयातून
२० सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

पत्र मिळालं, भाकरीही. सासूबाई म्हणतात, हाडाला सुई लागली की अख्ख्या कोलशेतात बोंब होईल, उद्या हिला कोण करून घेईल? त्यांनी निवट्यांचा, त्या चिखलातल्या मासळीचा, रस्सा आणला, रक्त वाढतं म्हणून. खाडीतून स्वतः वेचून आणल्या रे, या वयात. पोरीने दोन घास घेतले आणि ओकली. कूस बदलली तरी धापा टाकते. काल मला म्हणाली, आई, जेवण नको, श्वास दे.

तुझं धातूंचं मला कळलं नाही. पण तू माघार घेतलीस, ती ओळ मी परत परत वाचली. तू कधी घेत नाहीस.

उद्या सही करते. हे माझ्याशी बोलत नाहीत, न बोलू देत.

वहिनीला नमस्कार. आमच्यावर नजर असू दे.
कल्पिता

डोंबिवली पूर्व
२२ सप्टेंबर

चि. कल्पितास,
अ. उ. आ.

सही झाल्याचं आवडाबाईंकडूनच कळलं. फोनवर म्हणाल्या, मास्तर, तुमच्या पोथ्या तुमच्या घरात ठेवा, आमच्या पोरीची हाडं कोरू नका. मग त्याच रडायला लागल्या आणि मला एकही सुभाषित आठवेना. रिपोर्ट आला की लगेच कळव.

तुझा, दादा

ठाणे
२७ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

रिपोर्ट आला. कर्करोग नाही. तेवढं ऐकून मी जिन्यात बसून रडले, आणि हे माझ्या शेजारी येऊन बसले.

पण मज्जेत मलेरियाचा काळा रंग साचलाय. पेशी आहेत, खूप आहेत, पण वेड्यावाकड्या. पिकायच्या आधी आतच मरतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यावर वेगळं औषध नाही. रक्त चढवत राहायचं, आता गोळ्या शेवटपर्यंत द्यायच्या, आणि मज्जेला जाग यायची वाट बघायची. किती दिवस, ते त्या सांगत नाहीत. रोज सकाळी नव्या पेशी मोजतात. आज कालच्यापेक्षाही कमी निघाल्या.

सासूबाईंनी आज विचारलं, आणखी कशावर सही करायची असेल तर मी अंगठा देते. दादा, आता सही करण्यासारखं काही उरलं नाही. भांडायलाही कोणी उरलं नाही. सगळे तिच्या नखांकडे बघत बसलोय, गुलाबी होतात का म्हणून.

तू ये. काही समजावू नकोस, नुसता बस.

लोभ आहेच, तो घेऊन ये.
तुझी, कल्पिता