शेऱ्याचा रकाना

अण्णा, आपले दुकान पुढच्या महिन्यात हलणार आहे. घाटकोपर आपण सोडत नाही. जुनी इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत समोरच्या गल्लीत एक गाळा मिळाला आहे. मात्र त्यात तुमची तीन लोखंडी कपाटे मावत नाहीत. म्हणून त्यांतील सगळी कार्डे क्लाउडवर न्यायची, असे माझ्या मुलीने, तुमच्या नातीने, ठरविले आहे. दुकान आता तीच चालविते. तुमच्या वेळी हा प्रकार नव्हता, म्हणून सांगतो : आपली माहिती दुसऱ्या कोणाच्या तरी मोठ्या यंत्रांत भाड्याने ठेवायची आणि हवी तेव्हा इथे बसून पाहायची. "कुलूप कोणाचे?" हा तुमचा पहिला प्रश्न मला ऐकू येतो. तोच मीही विचारला. कुलूप आपले, एक किल्ली तिच्याकडे, दुसरी माझ्याकडे.

खरे म्हणजे दोन वर्षे मी विरोधच करीत होतो. पोलिओने बारीक झालेल्या आणि अपघाताने आखूड झालेल्या पायांसाठी तुम्ही बूट करीत होता, आणि प्रत्येक पायाचे एक कार्ड होते. नवे माप घेतले की जुन्या रेषेवरच वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने नवी रेषा. एकेका कार्डावर पाचव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतचा पाय दिसतो. लावण्याची रीतही तुमचीच : आधी डावा की उजवा, मग राहण्याचे ठिकाण. खाली शेऱ्याच्या रकान्यात गिऱ्हाइकाचे बोलणे त्याच्याच शब्दांत लिहिलेले. "जिना उतरताना भीती वाटते." "बहिणीच्या लग्नात उभे राहायचे आहे." हे सारे यंत्रात कसे जाणार, असे मी म्हणत असे.

मग गेल्या हिवाळ्यात मालाडच्या एक बाई आल्या. उजवा पाय. मी 'उजवा, मालाड' हा पूर्ण खण दोनदा उपसला, तरी कार्ड मिळेना. बाई कुबड्या टेकून म्हणाल्या, "शोधा सावकाश, मी काय पळून जाणारे थोडीच." शेवटी त्यांना भिंतीला धरून पुन्हा कागदावर उभे राहावे लागले. माप घेताना त्यांच्या ओठावर घाम आला होता. कार्ड सापडले तिसऱ्या दिवशी, गोवंडीच्या खणात. मधली काही वर्षे बाई तिकडे राहिल्या होत्या आणि तुमची रीत पाळून मीच ते तिथे नेऊन ठेवले होते. त्या दिवशी मुलीला म्हटले, "तुझे काय ते सुरू कर."

अंधेरीहून एक अभियंता आला. यादी घेऊन बसला : आधी फक्त डावे पाय न्यायचे, महिनाभर कार्डे आणि यंत्र दोन्ही चालवून ताडून पाहायचे, बिघडले तर मागे कसे फिरायचे तेही लिहून ठेवायचे. कार्डांवर लोकांची खासगी माहिती असल्यामुळे, सगळे जुळल्यावर त्यांचे बारीक तुकडे करायचे. बेत मला आवडला. तुम्हीही असेच, एक बूट पायात घालून चालवून पाहिल्याशिवाय दुसरा शिवत नव्हता. मग त्याने विचारले, "काका, यातली कुठली गोष्ट गेली तर दुकानाचं शटर खाली येईल?"

तुम्हाला आठवत असेल, मी तेव्हा विशीत होतो. तुमची कार्डे मी सुवाच्य अक्षरात एका वहीत उतरवून काढली आणि शेरे गबाळे वाटले म्हणून गाळले. तुम्ही वही चाळता. माझ्या उजव्या चपलेखाली दोन बोटे जाडीचा बुचाचा तुकडा बांधता आणि मला बाजारातून दूध आणायला पाठविता. मी परत येतो तेव्हा कंबर दुखते आहे, आणि वाटेत सगळे पाहत होते हे मी रागाने सांगतो. तुम्ही एवढेच म्हणता, "हे कुठल्या रकान्यात लिहिशील?"

"शेरा," मी अभियंत्याला म्हणालो. त्याच्या यादीत तो रकानाच नव्हता. मुलगी म्हणाली, "बाबा, आजोबांचं अक्षर मशीनला वाचता येत नाही. एकेक शेरा टाइप करावा लागेल. बसणार कोण?"

"मी बसेन."

"तुम्ही एका ओळीला अर्धा तास लावाल."

"मग अर्धा तास लागेल."

अण्णा, चार महिने रोज सकाळी मी बसलो आणि फार सुखात बसलो. इतके तुमचे बोलणे मी तुमच्या हयातीत ऐकले नव्हते. आता मालाडच्या बाईंचे नाव टंकले की त्यांच्या कार्डावरच्या चारही रेषा समोर येतात आणि खाली त्यांचे वाक्य. कोणाला उभे राहावे लागत नाही.

शेवटच्या आठवड्यात 'उजवा, घाटकोपर' या खणात तळाशी माझे कार्ड मिळाले. असे काही असेल याची मला कल्पना नव्हती. पेन्सिलीची एकच रेषा. माझ्या चपलेभोवती काढलेली असावी. शेरा : "पाय निर्दोष. कंबर दुखली. दूध सांडले नाही. शिकेल."

तुकडे करण्याआधी मुलगी आज सकाळपासून कार्डे ताडून पाहते आहे. "बाबा, यंत्रातल्या यादीपेक्षा एक कार्ड कमी भरतंय," ती दोनदा म्हणाली, आणि मी दोन्ही वेळा तिला पुन्हा मोजायला सांगितले. शेरा मी इमानदारीने टंकला आहे. कार्ड मात्र चार घड्या घालून माझ्या चष्म्याच्या घरात आहे, आणि हे पत्रही घडी करून तिथेच ठेवीन.